ओल्या सुतानं बांधलेली गिटार

मी पियुषला हात लावला नव्हता. आमच्या तांडापेठेत भेटेल त्याला मी हे सांगत होतो, कोणी विचारलं नाही तरी. राग काढला होता तो गिटारवर. पोरानं कळमेश्वरच्या कारखान्यातली नोकरी घरात न विचारता सोडली, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो म्हणाला, आणि माझं डोकं फिरलं. त्याच्या हातातली गिटार ओढून मी दाराच्या चौकटीवर हाणली. लहानपणी त्यानं माझा मार खाल्लाय, मी नाही म्हणत नाही. पण चोवीस वर्षांच्या पोराला कोण मारतो? तरी तो त्याच संध्याकाळी मित्राच्या खोलीवर गेला आणि महिनाभर त्यानं माझा फोन उचलला नाही.

शनिवारी माझी बायको अनुसया म्हणाली, "उद्या येऊन राहिला तो. कपडे अन् कागदं घेऊन जातो म्हणे."

"अन् मंग? राहत नाही का घरी?"

"काहून राहीन तो? तुमच्या मनालेच इचारा."

तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी पलंगाखालून गिटार काढली. ती नीट करून त्याच्या हातात दिली की तो वाजवून पाहायला बसेल, आणि तेवढ्यात त्याला 'राहा बेटा' म्हणता येईल, असा माझा हिशेब. मला तोंडानं माफी मागता येत नाही, जन्मात कधी आली नाही. हातानं काही करून देता येतं.

गिटारची मान डोक्याशी तडकली होती, बोटभर लांब. तुटली नव्हती, पण दाबलं की भेग उघडायची. गल्लीतल्या कृष्णकांत सुताराला दाखवली. तो म्हणाला, "फेविकॉल भर, शिकंजा लाव, अन् दोन दिवस हात नको लावू गा. तारा बी ढिल्याच ठेव."

दोन दिवस कुठून आणू? आणि लाकूड दाबून धरायला लोखंडी शिकंजा कशाला? तीस वर्षं माग चालवलाय मी. आता वॉचमनची टोपी घालतो, ते सोडा. मागाचं लाकूड तडकलं की आम्ही सुताराला बोलवत नव्हतो. भेगेत गोंद भरायचा आणि वरून ओलं सूत आवळून गुंडाळायचं. सूत वाळता वाळता असं आवळतं, की लोखंडाची पट्टी काय आवळेल! माझ्या बापानं असंच केलं, मीही केलं.

दुपारी मी तारा सैल केल्या. भेगेतून दोरा फिरवत फेविकॉल आतपर्यंत नेला, वर आलेला फडक्यानं पुसला, आणि पाण्यात भिजवलेलं सूत वेढ्याला वेढा लावून गुंडाळलं. काम सुरेख झालं. अनुसयानंही दोनदा येऊन पाहिलं.

रविवारी सकाळी सूत वरून कोरडं लागलं. सोडलं तर भेग दिसेना. मला इतकं बरं वाटलं की मी एकटाच हसलो. पण तारा लोंबत होत्या. आमच्या घरात ढिला ताणा मागावर कधी कोणी ठेवला नाही. ढिला धागा दिसला की माझ्या हाताला चैन पडत नाही. पोराच्या हातात अशी लोंबती वस्तू द्यायची? मी खुंट्या पिळल्या. ताण्यावर बोट फिरवून पाहतो तसं सहाही तारांवर फिरवलं आणि सगळ्या सारख्या ताठ केल्या.

पियुष अकराला आला. दारातच उभा होता, पण गिटार पाहून आत आला.

"बाबा, तुमी केली?"

"पाह्य बरं वाजवून. मले का समजते त्यातलं."

तो पलंगावर बसला. मानेवरून अंगठा फिरवला, एक तार छेडली आणि चक्क हसला. "सूर सगळेच गेले," म्हणाला आणि खुंट्या फिरवू लागला. अनुसया चहा घेऊन आली. माझ्या तोंडात 'राहा बेटा' तयार होतं. आधी एवढी तार लागू दे, मग म्हणू, असं मी ठरवलं.

त्यानं जाड तार आणखी थोडी ओढली, आणि मान कडकन मोडली. फाटलेल्या लाकडात गोंद अजून पांढराच होता, ओला. बाहेरून सूत वाळलं होतं, आत मीच पाणी कोंडलं होतं. लाकडाची टोकदार ढलपी पियुषच्या तळव्यात घुसली आणि रक्त आलं.

मला तो हात पाहायचा होता. मी झटक्यानं उठलो आणि हात पुढं करून दोन पावलं टाकली.

पियुषच्या हातून गिटार पडली. त्यानं दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली, डोळे मिटले आणि भिंतीला चिकटला. अनुसयानं हातातला चहा तसाच टाकला आणि ती मधे आली.

"नका मारू त्याले," ती ओरडली.

"मी त्याचा हात पाहून राहिलो होतो वं," मी म्हणालो.

पियुषनं कोपरं हळूहळू खाली घेतली. डोळे उघडल्यावर त्यानं आधी माझे हात कुठं आहेत ते पाहिलं, आणि मग माझ्याकडं.