बिनचूकचा तिसरा शेरा

माझं काम लोकांच्या चुका काढायचं. फोटोवर लावायचे फिल्टर लोक घरी बनवतात आणि आमच्या ऑनलाइन संग्रहात पाठवतात. कुणाचा फोटो उजळ करणारा, कुणाचा जुनाट दिसेल असा करणारा. पाठवताना विभाग निवडायचा असतो, आणि नेमकी तिथेच माणसं माती खातात. चुकीच्या विभागात आलेलं सगळं माझ्याकडे येतं. बारा वर्षं घरी बसून हेच करतेय आणि माझी स्वतःची चूक आजवर एकही निघालेली नाही. आई म्हणते, घरात तरी तुझी कधी निघाली? ते काही कौतुक नसतं.

गेल्या आठवड्यात 'बिनचूक' नावाच्या कुणीतरी धूसर करणारा फिल्टर 'ठळक' विभागात टाकला. मी शेरा मारला, "डोळे आहेत की बटणं?" शेऱ्याखाली आमचं नाव जात नाही, त्यामुळे मी हात राखून लिहीत नाही. दोन दिवसांनी त्याचाच कृष्णधवल फिल्टर 'भडक रंग' मध्ये आला. "वाचायला शिकवलं नाही वाटतं कुणी," असं त्याला सुनावलं. मंगळवारी जेवून उठते तोच तिसरा. नवाकोरा उजेड देणारा फिल्टर, आणि विभाग 'जुने फोटो'. म्हटलं, आता पुरे झालं तुझं. मारला तिसरा शेरा. तीन शेरे झाले की संध्याकाळी सहाला खातं कायमचं बंद होतं.

मग नमुन्याच्या फोटोकडे लक्ष गेलं. प्रत्येक फिल्टरबरोबर तो द्यावाच लागतो. साधं टेबल, त्यावर वाडगा, वाडगा धरलेला हात. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी.

माझ्या धाकट्या भावाची करंगळी अशीच आहे. तो सहा वर्षांचा असताना मी कपाटाचं दार लावलं आणि त्याचं बोट सापडलं. "तूच मध्ये घातलंस," असं मी वर त्यालाच म्हणाले होते. बाबा हॉस्पिटलात वारले तेव्हा तो त्यांच्याजवळ नव्हता, घरी झोपला होता. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "तुझ्यामुळे गेले." त्याच दिवशी तो निघून गेला. त्याला चार वर्षं झाली. नंबर बदलला, मित्रांनाही पत्ता नाही. आई रोज एकदा तरी विचारते, काही कळलं का गं.

माझं डोकंच चालेना. वाकडी करंगळी काय जगात एकट्यालाच असते? पण इतके सुबक फिल्टर बनवणाऱ्याला रंगीत कुठलं आणि कृष्णधवल कुठलं कळत नाही, हेही पटेना. मुद्दाम चुकतो म्हणावं, तर कशासाठी? बोलणी खायला? लॅपटॉप उचलून मी स्वयंपाकघरात गेले आणि आईपुढे धरला. तिने भांडी पुसायचं फडकं ठेवलं, चष्मा लावला.

"वाडगा तळाला धरलाय," ती म्हणाली. "हात भाजला तरी तो असाच धरायचा." मग ती खाली बसली. "कुठे आहे तो?"

"माहीत नाही. आणि सहा वाजता हेही हातचं जाईल."

साहेबांना फोन लावला. पत्ता त्यांनाही दिसत नव्हता. शेरा मागे घ्यायचा तर एकच वाट, तपासणाऱ्याची चूक होती असा अर्ज. तो फिल्टर पाठवणाऱ्यालाही जसाच्या तसा जातो. "पण फिल्टर तर उघडउघड चुकीच्या जागी आहे," साहेब गोंधळले. "बारा वर्षांत तुमच्यावर डाग नाही. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

मला तरी कुठे कळत होतं. तो भाऊ नसेलच तर? आणि असला, तरी शेरे मारणारी मी आहे हे त्याला कुठून ठाऊक? पाच वाजता अर्ज उघडला. तीन शब्द लिहायला मला वीस मिनिटं लागली. चूक माझी होती. डोळे मिटून पाठवून दिलं.

साडेपाचला उत्तर आलं. एवढंच होतं: "कोणती, ताई?"

मला रडू आलं आणि रागही आला. माझी जीभ ओळखून हा आठवडाभर माझीच बोलणी खात बसला होता. आईने खांद्यावरून वाचलं. "विचारतोय तर सांग की," ती म्हणाली. "बोटाचं सांग."

उत्तराला चार ओळींची जागा असते. बोटाचं लिहिलं, खोडलं. सगळ्यांदेखत बोलले ते लिहिलं, तेही खोडलं. मग लिहिलं, "त्या दिवशी तू बाबांजवळून हलायला तयार नव्हतास. मीच तुला बळजबरीने घरी झोपायला पाठवलं. तू हे कुणाला सांगितलं नाहीस, आणि मीही नाही."

आई अजून चष्मा लावून मागे उभी होती. मी स्क्रीन झाकली नाही.