चाल रसूलची होती

मी बँडातला मोठा भोंगा बोलतोय. पितळेचा, पोटानं ऐसपैस, दोन्ही हातांनी कवेत घेऊन वाजवायचा. क्लॅरिनेट लोकांना ओळखू येतं. ढोल तर कुणाला सांगावाच लागत नाही. मला बघून मात्र विचारतात, "हे कशाला असतंय?" आणि शेजारचा शहाणा सांगतो, "नुसतं भों भों करायला." जन्मभर हेच ऐकत आलोय. म्हणून जरा तिखट बोललो तर ऐकून घ्या.

कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही, आणि ते कळून तुम्हालाही काही करायचं नाही. समज आली तेव्हा मी एका जहागीरदाराच्या पदरी होतो. निजामाचं राज्य गेलं, मागोमाग जहागिऱ्या गेल्या. जहागीरदारानं आधी घोडे विकायला काढले, मग झुंबरं, मग आम्ही वाद्यं. त्याच्याकडं क्लॅरिनेट वाजवणारे मुनवर मास्तर आम्हाला घेऊन धाराशिवला आले आणि त्यांनी लग्नाचा बँड काढला. लाल कोट, पिवळी बटणं, सगळा थाट.

मी बेंबळीच्या रसूलच्या वाट्याला आलो. रसूल जातीचा पिंजारी. लग्नसराई संपली की गाद्या पिंजायचा. मानेनं जाड, छाती भात्यासारखी, आणि बोलायला महाकंजूष. बँडच्या खोलीत मला ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो मला घरी न्यायचा. बँडचा एकच फोटो आहे. त्यात मी दिसतो. रसूल माझ्यामागं झाकलाय. फोटोवाल्यानंही सांगितलं नाही की बाबा, जरा सरक.

त्या वेळी मुलगी सासरी निघाली की बँड सिनेमातलं गाणं वाजवायचा. रसूलला ते पटायचं नाही. एकदा घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "बेगमबी, तिकडं पोरीची आई रडतीय आन आमी प्रेमाचं गाणं वाजवतोय. लाज वाटती." त्यानंतर आठ-दहा दिवस तो ओट्यावर मला घेऊन बसला. वरची चाल तोंडानं म्हणायचा, मग खालचे सूर माझ्यात फुंकायचा. जुळलं नाही की दोन्ही मोडून पुन्हा पहिल्यापासून. बेगमबी म्हणायची, "म्हस आडली तरी इतकी वरडत न्हाय." तो हसायचा आणि पुन्हा फुंकायचा. मैमुना, त्याची एकुलती लेक, भाकऱ्या थापता थापता सगळं ऐकायची.

चाल झाली. तिच्या मधोमध एक जागा होती. तिथं क्लॅरिनेट, ढोल, सगळं थांबायचं आणि मी एकटा चार सूर म्हणायचो. मैमुनानं विचारलं, "तिथं बाकीचे गप का, अब्बा?" रसूल म्हणाला, "पोरगी निघताना आई रडून घेती. बापाला बोलताच येत न्हाय. तेवढी जागा बापाची."

पुढच्या बैठकीला त्यानं मास्तरांना चाल शिकवली. मास्तर हुशार माणूस, दुपार व्हायच्या आत त्यांनी क्लॅरिनेटवर अशी फिरवली की मलाही ऐकावंसं वाटलं. पहिल्याच लग्नात बाया-माणसं हमसून रडली. गावोगाव बोलावणी यायला लागली, "मुनवर मास्तरची ती पाठवणीची चाल वाजली पायजे." मास्तरांनी चोरली असं मी म्हणणार नाही. लोकांनी त्यांचं नाव घेतलं, त्यांनी नको म्हटलं नाही, एवढंच. आणि रसूलला कुणी विचारलं तर तो सांगायचा, "मी काय, खालचं भरतो." त्याच्या ह्या वाक्याचा मला लई राग यायचा.

एकसष्ट साली मैमुनाचं लग्न माकणीला ठरलं. व्याही दादामियाँ कचेरीत कारकून, टोपीची इस्त्री न मोडणारे. लग्नाच्या आधी लेकीनं बापाजवळ एकच मागणं केलं. "अब्बा, मला दागिना नको. मी निघताना ती चाल वाजंल, तवा लोकांत सांगा की ती तुमची हाय. सासरी मला सांगता यावं."

रसूलनं आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांपुढं तोंड उघडलं. मास्तर म्हणाले, "अरे, मग तुझीच हाय ना ती. सांगतो की. चारचौघांत सांगतो." मास्तर खोटं बोलत नव्हते. त्यांची तयारी होती.

आमच्या बँडाचा रिवाज असा, की ज्याच्या घरचं लग्न त्यानं वाजवायचं नाही. त्यानं पाहुण्यांत उभं राहायचं. त्याच्या जागी दुसरा माणूसही घ्यायचा नाही, बाकीच्यांनी भागवायचं. हा त्याचा मान. त्यामुळं त्या दिवशी मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो, पुसून लख्ख केलेला आणि बिनकामाचा. रसूल माझ्यापासून दोन हातांवर, नव्या शेरवानीत अवघडलेला.

जेवताना दादामियाँ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे व्याही ह्यात फुंकतात म्हणे. ह्यात फुंकायचं का ह्यात दाणे भरायचे?" पंगत हसली. रसूलही हसला, पण त्याचे कान तांबडे झाले होते.

दुपारी मोटार दाराशी लागली. मैमुना निघाली. मास्तरांनी चाल सुरू केली. कितीदा वाजवली होती ती, पण माझ्याशिवाय कधी वाजली नव्हती, आणि हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मधली ती जागा आली. सवयीनं सगळे थांबले. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांवरून काढलं आणि माझी वाट बघितली. मग त्यांना आठवलं, मी खांबाजवळ आहे.

रसूलचा हात पुढं आला. माझ्या काठाला लागला. मला वाटलं, उचल लेका, चार सुरांचं काम आहे. तेवढ्यात त्याची नजर दादामियाँकडं गेली, आणि हात मागं सरला.

ती चार सुरांची जागा तशीच कोरी गेली. त्या गप्पपणात मैमुनाचा हुंदका तेवढा ऐकू आला आणि सगळा मांडव गलबलला. मास्तरांनी मनात मात्रा मोजल्या आणि पुढची चाल उचलली.

चाल संपली तेव्हा दादामियाँच डोळे पुसत पुढं आले. लग्नासाठी बांधलेला स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून मास्तरांच्या डोक्यावर ठेवला. "मास्तर, मधी ती जागा काय सोडलीत. काळीज हाललं. कुणाची ही चाल?"

मैमुनानं मोटारीच्या पायरीवर पाऊल ठेवलं होतं. तिनं वळून बघितलं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि रसूलकडं बघितलं. रसूलनं मान हलवली. नको म्हणून. व्याह्यांपुढं भोंगेवाला व्हायची त्याला शरम वाटली. मास्तर घुटमळले आणि म्हणाले, "आमच्या बँडाची हाय, साहेब." मोटार गेली.

पुढच्या लग्नात रसूल मला घेऊन नेहमीच्या जागी बसला, तर मास्तर हळूच म्हणाले, "रसूल, त्या चार सुरांना तू थांब. लोक आता तसंच मागतेत." रसूल म्हणाला, "बरं." माझ्या पोटात चार सूर भरलेले, आणि हा माणूस म्हणतो बरं. मी माणूस असतो तर त्याच्या मुस्काटात दिली असती.

मैमुना माहेरी आली तेव्हा सांगत होती, "सासूला म्हटलं, ती चाल माझ्या अब्बांनी केली. सासू म्हणाली, भोंगेवाल्याची कसली आली चाल." बापानं काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली. रसूल पिंजलेला कापूस सारखा करत म्हणाला, "जाऊ दे. त्येंचं तरी काय चुकलं." तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आता मास्तर अल्लाला प्यारे झाले, बँड मोडला. पिंजणीच्या कापसानं रसूलची छाती धरलीय. चार पावलं चालला तरी धाप लागते. मला मधोमध चीर गेलीय, मी कोपऱ्यात पालथा पडून असतो.

चाल मात्र चालूच आहे. वाशीचा बँड वाजवतो, तुळजापूरचा वाजवतो. सगळे ती जागा रिकामी सोडतात. तिथं कुणी खोकत नाही, आता तो रिवाजच झालाय. मुनवर मास्तर मोठ्या अकलेचा माणूस, म्हणतात.

परवा आमच्या गल्लीतून लेक सासरी गेली. बँड त्या जागेवर आला आणि थांबला. रसूल खाटेवर होता. त्यानं ओठ आवळले, गाल फुगवले आणि श्वास नसताना चारही सूर पुरे केले. आवाज आला नाही. बेगमबीला वाटलं, त्याला कळ आली. ती पाणी घेऊन आली.

तुम्हीही कुठल्या तरी मांडवात ती चाल ऐकाल. सगळे थांबले की शेजारच्याला एवढं सांगा, इथं चार सूर आहेत, बेंबळीच्या रसूल पिंजाऱ्याचे. त्याला स्वतःला सांगता आलं नाही. मला तर तोंडच दुसऱ्यानं लावावं लागतं.