एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत

एका शहराला दोन विमानतळ म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पण या तलवारींमधल्या चौतीस किलोमीटरवर घड्याळमामांचं पोट सव्वीस वर्षं चाललं. जुन्या विमानतळावर उतरून नव्यावरून परदेशी उडायचं, अशा घायकुतीला आलेल्या माणसांना ते टॅक्सीने पोचवायचे. एकाचंही विमान चुकवलं नाही, म्हणून तर हे नाव पडलं.

किती वेळ लागेल, असं कुणी विचारलं की मामा म्हणत, "एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत." माणूस बुचकळ्यात पडायचा. त्याचं असं झालं, बायको गेली तेव्हा लेक सात वर्षांची, आणि घरी सांभाळणार कोण? शाळा सुटली की पोरगी टॅक्सीत, पुढच्या सीटवर. जुन्या विमानतळाचं फाटक ओलांडलं की 'बे एके बे' सुरू. चुकली की तो पाढा पुन्हा पहिल्यापासून. मागचे प्रवासीसुद्धा तिच्या चुका काढायचे. पन्नास मिनिटांनी नवा विमानतळ यायचा तेव्हा ती नेमकी एकोणतिसात असायची. तिसाचा पाढा कधी झालाच नाही. "तिसाचा काय, तिनाचाच. वर शून्य ठेवलं की झालं," मामा म्हणायचे. काय सुखाचे दिवस होते ते!

आज तीच लेक सहा वर्षांनी येत होती. येत कसली, जातच होती! ऑफिसच्या कामासाठी इथे उतरून तिथून उडायचं. मधे बापाच्या वाट्याला गाडीतली पन्नास मिनिटं. मामांनी आठवडाभर आधीपासून सीटकव्हरं धुऊन ठेवली होती.

आणि मेलं विमान दीड तास उशिरा उतरलं.

लेक पुढच्या सीटवर बसली. फाट्यावर मामांनी गाडी हळू केली. खालचा जुना रस्ता पन्नास मिनिटांचा, वरचा नवा उड्डाणपूल पंचवीस मिनिटांचा. पोटच्या पोरीचंच विमान चुकवायचं, तर मग सव्वीस वर्षं काय हजामत केली? त्यांनी गाडी पुलावर घातली.

लगेच तिच्या ऑफिसचा फोन. "हो सर... पाठवते सर..." मामा समोर बघत राहिले. तिने फोन ठेवला तेव्हा नव्या विमानतळाचा मनोरा दिसायला लागला होता.

"बाबा, खालून का नाही आलात?"

"विमान गेलं असतं बाई."

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि एकदम, "बे एके बे, बे दुणे चार..." अशी धावतच सुटली. सातात अडखळली.

"सात आठी चोपन्न?"

"छप्पन्न! पुन्हा पहिल्यापासून!" मामा ओरडले, आणि दोघंही खो खो हसायला लागले.

नवाच्या पाढ्यावर गाडी दाराशी लागली. बॅग, मिठी, आणि गेलीसुद्धा आत.

मामा गाडीत बसतात न बसतात तोच फोन वाजला. "दहा एके दहा," लेक रांगेतून म्हणत होती. मधे कुणीतरी तिचा पासपोर्ट मागितला, तेव्हा तेरा चालू होता. बाहेर गार्डाने दोनदा शिट्टी मारली. मामांनी त्याला नुसता हात दाखवला.

"एकोणतीस दाहे दोनशे नव्वद. बाबा, फोन ट्रेमध्ये ठेवायला सांगतायत."

"ठेव, ठेव."

"तिसाचा राहिलाच हो आपला."

"तो मी म्हणतो. तू जा."

फोन बंद झाला. मामांनी काच वर केली. "तीस एके तीस," ते म्हणाले. "तीस दुणे साठ." "तीस त्रिक..." पुढचा आकडा काही फुटेना. गार्ड काचेवर टकटक करत होता. पण चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, हा नियम त्यांचाच होता. मामांनी डोळे पुसले आणि पुन्हा 'तीस एके तीस' म्हणायला घेतलं.