बीपीच्या मशीनमधला पारा

मित्रांनो, मी एक जुना पारा आहे. हल्ली घट्ट झाकणाच्या बरणीत, पाण्याखाली असतो. पण काय दिवस पाहिलेत मी! येलदरीच्या वाटेवरच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रातल्या बीपीच्या मशीनच्या काचेच्या नळीत मी राहायचो. राजेश्री सिस्टरनी रबरी फुगा दाबला की मी सरसर वर चढायचो आणि हवा सोडली की ठुमकत खाली यायचो. बाया कौतुकानं बघत राहायच्या. पुढे बॅटरीवरचं नवं मशीन आलं आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

एके दिवशी ते नवं मशीन बंद पडलं आणि सिस्टरनी मला कपाटातून बाहेर काढलं. माझा आनंद गगनात मावेना! प्रियांका तपासणीला आली होती. तिला चौथा महिना होता. सोबत तिची सासू, सगुणाबाई. सिस्टरनी प्रियांकाच्या दंडाला पट्टा बांधला, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. ती पट्ट्यासकट उठली आणि मशीन टेबलावरून फरशीवर आपटलं. नळी फुटली. चांदीचे मणी उधळावेत तसा मी खोलीभर पळालो. किती मोकळं वाटलं मला!

सगुणाबाई तर हरखून गेल्या. मला पदरात गोळा करायला वाकल्या. "ज्वारीच्या कोठीत टाकते," त्या म्हणाल्या. "किडं लागत न्हाईत."

सिस्टरनी त्यांचा हात धरला. प्रियांकाला तडक अंगणात पाठवलं, खिडक्या उघडल्या.

"मावशी, हात लावू नका. याची वाफ दिसत न्हाई, पण श्वासातून आईच्या अंगात जाते आणि तिथून पोटातल्या लेकरात. त्याचा मेंदू, हाडं, दात आत्ताच घडायलेत. त्यांना, मेंदूला तर जास्तच, इजा होऊ शकते."

मी फरशीवर थिजलो. एवढ्याशा मेंदूला, हाडांना, अजून न आलेल्या दातांना, माझ्यामुळे?

सगुणाबाईंचा चेहरा उतरला. त्या हळूच बोलल्या, "सिस्टर, आमच्या कोठीत दोन सालापास्नं पाऱ्याच्या टिकड्या हायेत. प्रियांका त्याच ज्वारीची भाकर खायलीय."

मग जी धावपळ उडाली! सिस्टरनी हातमोजे घालून मला जाड कागदानं गोळा केलं, बरणीत कोंडलं आणि स्कूटीवरून थेट सगुणाबाईंचं घर गाठलं. टिकड्या बाहेर निघाल्या, बंद डब्यातून माझ्या शेजारी येऊन बसल्या. ती ज्वारी कुणी खाल्ली नाही, जनावरांनाही घातली नाही. प्रियांकाची परभणीला तपासणी झाली. पुढचे सगळे महिने मी दाराकडे डोळे लावून होतो.

मुलगी झाली. भक्ती तिचं नाव. परवा सगुणाबाई तिला कडेवर घेऊन आल्या आणि तिच्या खालच्या हिरडीवर अलगद चमचा टेकवला. टक्!

"ऐका सिस्टर," त्या म्हणाल्या, "दात वाजायलाय."

बरणीत माझा थेंबन् थेंब थरारला!

मित्रांनो, बाकीच्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, माझ्यापासून जपा. मी कितीही चमकलो तरी हात लावू नका, मोठ्यांना बोलवा, खिडक्या उघडा. आणि आज घरी गेल्यावर आजीला एवढं विचारा, आपल्या धान्यात काय घालून ठेवलंय?