दुसरी गोळी

अण्णारावांनी गोळी गालफडात दाबली, वर घोटभर पाणी घेतलं आणि घसा वाजवून गिळल्यासारखं केलं. सून रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघराकडं वळली तसे ते उठले, भिंतीला धरून मोरीत गेले, गोळी थुंकली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

पहिली गोळी, म्हणजे कॅप्सूल, ते निमूट घेत. तिनं लघवीची वाट मोकळी होई. मोरीत ताटकळत उभं राहणं कमी झालं होतं. दुसरी, पिवळी गोळी नवी होती. लघवीची सारखी घाई होते ती आवरावी म्हणून डॉक्टर मुग्धांनी जोडून दिलेली. एक सोडणारी, एक धरणारी, आणि दोन्ही एकाच पोटात? अण्णारावांना हे पटेना. पहिले काही दिवस घेतली तर तोंड कोरडं पडलं, जीभ टाळ्याला चिकटायला लागली. त्यातच त्यांनी सुनेला, आरतीला, फोनवर बोलताना ऐकलं,

"खालची खोली मोकळी असती तर अजून पोरं ठेवता आली असती की."

लातूरच्या त्या गल्लीत घरोघरी क्लासची पोरं भाड्यानं राहत होती. यांच्याही वरच्या मजल्यावर बारावीची मुलं राहत आणि खालच्या खोलीत अण्णाराव. मुलगा सत्यम एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा; उजाडायच्या आत जायचा. औषधपाणी सगळं सुनेच्या हातात. किल्लारीकडचं त्यांचं घर भूकंपात बसलं, त्यांची बायको साखराबाई त्यातच गेल्या. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना कोण कोण हसतमुख माणसं येत, हातावर गोळ्या ठेवून जात. कशाच्या, हे विचारायची सोय नसे. तेव्हापासून आयतं हातावर आलेलं काहीही ते उलटंपालटं करून बघत.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "घाई कमी झाली का, आजोबा?"

"न्हाई. तशीच हाय."

"रोज देता ना?" डॉक्टर आरतीकडं वळल्या.

आरतीनं सासऱ्याकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"देते की. रोज देते."

"मग थोडी जास्त ताकदीची लिहिते. या दोन्ही एकत्र चालतात, बहुतेकांना काही होत नाही. पण लक्ष ठेवावं लागतं. लघवी अडकली, उभं राहताना चक्कर आली, तर लगेच यायचं. आणि आपल्या मनानं कमी-जास्त करायचं नाही."

जास्त ताकदीची, हे शब्द अण्णारावांनी नेमके ऐकले. त्या दिवसापासून ते आरतीच्या हाताकडं अधिकच बारकाईनं बघू लागले. नवी गोळीही मोरीतच जात राहिली.

मग पुतण्याचं लग्न निघालं, देवणीला. जीपमध्ये व्याही मंडळी बसणार होती. त्यांच्यासमोर सारखी गाडी थांबवायची या कल्पनेनंच अण्णारावांना कानकोंडं झालं. निघायच्या आधी त्यांनी फडताळावरची पिवळी पट्टी स्वतः काढली. आरतीनं दिलेली एक तोंडात होती, ती गिळली. मंडपात उशीर होईल म्हणून वर आणखी एक गिळली.

गाडी कुठंच थांबवावी लागली नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून लघवीच झालेली नाही. मंडपामागं जाऊन उभे राहिले, कुथले. थेंब येईना. ओटीपोट दगडासारखं झालं. सत्यमनं त्यांना धरून जीपमध्ये घातलं तेव्हा ते लहान मुलासारखे कण्हत होते.

लातूरला दवाखान्यात पोचल्यावर लघवीची नळी घातली आणि पोट उतरलं. अण्णाराव घामेजून डोळे मिटून पडले. कॉटच्या पायथ्याशी सत्यमचा दबका आवाज आला.

"तू किती दिल्या होत्यास?"

"एकच."

"मग असं कसं झालं? पोरांच्या डब्याच्या गडबडीत दोनदा दिली असशील. आठव जरा."

डॉक्टर कागदावरून मान वर करून आरतीकडं बघू लागल्या. अण्णारावांनी डोळे किलकिले केले. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"तिनं न्हाई," ते म्हणाले. "म्या घेतली. एकावर अजून एक."

"आणि रोजच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"थुकत होतो."

"का?"

अण्णाराव सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिले. "हिच्यावर भरोसा न्हवता."

मग आरतीच म्हणाली, "मला ठाऊक होतं. मोरीच्या जाळीत सापडायच्या."

"मग सांगितलं का नाहीस?" सत्यम म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही कुणाचं खरं मानलं असतं?"

"मला तरी सांगायचं," डॉक्टर म्हणाल्या. "मी वाढवलीच नसती. त्यांच्या अंगाला सवय नव्हती, एकदम दोन पडल्या."

आरतीनं मान खाली घातली. पाण्याची बाटली भरून आणते म्हणून ती बाहेर गेली आणि बाटली कॉटपाशीच राहिली.

नळी निघाली. काही आठवडे नुसती कॅप्सूल चालली. मग पोटात लघवी साचत नाही हे सोनोग्राफीत बघून डॉक्टरांनी पिवळी गोळी पुन्हा सुरू केली, कमी ताकदीची. घरी आल्यावर आरतीनं दोन्ही पट्ट्या नवऱ्याच्या हातात दिल्या.

"आता तुम्ही द्या. मला नको."

दुसऱ्या दिवशी सत्यम मोबाइल कानाला लावूनच खोलीत आला. "हो, बॅच वेळेवरच होईल," तो पलीकडं सांगत होता. पट्टी दाबून त्यानं वडिलांच्या तळहातावर गोळ्या टाकल्या, पाण्याचा पेला ठेवला.

"घ्या, आबा. मला उशीर व्हायलाय."

अण्णारावांनी पाहिलं. दोन्ही पिवळ्या होत्या. त्यांनी मूठ मिटली.

"घेतो. जा तू."

मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी हाक मारली.

"आरती."

ती कणकेच्या हातांनी दारात आली, आत आली नाही. त्यांनी मूठ उघडून हात पुढं केला. तिनं वाकून पाहिलं. बाहेर जाऊन ती हात धुऊन आली, एक गोळी उचलून घेतली आणि फडताळावरची दुसरी पट्टी काढून तिच्या जागी कॅप्सूल ठेवली.

"नीट बघून घ्या, मामा," ती कोरड्या आवाजात म्हणाली.

"तू बघितलंस न्हवं," अण्णाराव म्हणाले, आणि पाण्यासाठी दुसरा हात पुढं केला.