पुन्हा ऐकू या

दर शुक्रवारी साहेब तिच्या फोनांची रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर वाजवायचे. कपडे धुण्याच्या यंत्रांची तक्रार-कचेरी, गिऱ्हाइकं सगळी परदेशातली. इंग्रजी ती त्यांच्याच तोंडून शिकली होती, सात वर्षं कंत्राटावर, कानाला हेडफोन लावून. साहेब मात्र व्याकरणात पदवीवाले! तिची चूक आली की रेकॉर्डिंग थांबवायचे, लाल पेनाने रेघ ओढायचे आणि मान डोलवत म्हणायचे, "पुन्हा ऐकू या." सगळे खिदळायचे. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

या शुक्रवारी तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे कंपनीच्या मोठ्या बाई ठरवणार होत्या. गुरुवारी सकाळी साहेबांनी फर्मान काढलं, "मोठ्या गिऱ्हाइकांशी आता मी बोलणार. तू मधे तोंड उघडायचं नाहीस. लाज वाटते तुझ्या इंग्रजीची."

बरं, नाही उघडत!

दुपारी चाळीस यंत्रांच्या लाँड्रीची मालकीण फोनवर आली. तिने मुकाट्याने फोन साहेबांना जोडला आणि आपला हेडफोन कानाला ठेवला. मालकीण निम्मे शब्द गिळत ओरडत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर, "अहो, पाणी! गुडघाभर पाणी! काय बंद करू?" आणि साहेब? "आपणांस उद्भवलेल्या अडचणीचे स्वरूप सविस्तर विशद करण्याची कृपा करावी." तीनदा! मागचा नळ बंद करा, एवढंच सांगायचं होतं. तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं, आणि खरं सांगायचं तर फार गोड लागलं. मालकिणीने फोन आपटला. संध्याकाळी करार रद्द झाल्याचं पत्र आलं.

शुक्रवारी मोठ्या बाई येऊन बसल्या. साहेबांनी लाल पेन उघडलं. "लाव तुझा कालचा एखादा फोन."

तिने लाँड्रीचा लावला. खोलीत साहेबांचा आवाज घुमला. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. साहेबांचा चेहरा पडला.

"तू शेजारीच होतीस ना?" बाईंनी विचारलं.

"मधे बोलायचं नाही, असा हुकूम होता."

बाई साहेबांकडे वळल्या. "यात चुका किती?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तीच म्हणाली, "एकही नाही, बाई. सगळं शुद्ध आहे. फक्त गिऱ्हाईक गेलं."

बाईंनी तिला कायम करण्याचा कागद पुढे ओढला, सही केली. "सोमवारपासून मोठे फोन हीच घेईल."

"बंद कर ते," साहेब पुटपुटले.

तिने रेकॉर्डिंग मागे नेलं, अगदी पहिल्या वाक्यापाशी, आणि साहेबांसारखीच मान डोलवली.

"पुन्हा ऐकू या."