कंपनीचा वास

आमच्या ह्यांच्या अंगाला कंपनीचा वास यायचा. हे तळोज्याला औषधाची पावडर बनवायचे, जिच्या पुढं गोळ्या होतात. वास कसला म्हणाल, तर सडक्या लसणीत फिनेल ओतल्यासारखा. मिनिडोर रिक्षात ह्यांच्या शेजारी माणूस टिकायचा नाय. मी तरी काय कमी? ह्यांच्या कपड्यांना बादली वेगळी, दोरी वेगळी. लगीन झाल्यापासून रोज संध्याकाळी माझं एकच, "आवो, तिथंच थांबा! आधी मागल्या दारी आंघोळ, मग घरात."

पण घर त्याच वासावर चाललं. कंपनीनं आमचं शेत घेतलं, बदल्यात ह्यांना नोकरी दिली. ह्यांच्या जागेवर पुढं आमच्या पोराला, प्रितमला घेणार, असा साहेबाचा शब्द होता. त्या शब्दावरच गव्हाणचा कमळाकर आपली मुलगी द्यायला तयार झाला.

शिमगा झाला नि कपड्यांचा वास गेला. मी खूश! पण आठवडा गेला तरी वास नाय, तेव्हा ह्यांना धरलंच.

"खरं सांगा, डबा घेऊन कुटं जाता?"

"पळस्प्याच्या फाट्यावर बसतो." मान खाली. "चीनचा माल खुला झाला, चंद्रा. तीच पावडर तिकडनं पिंपं भरून येते, आपल्यापेक्षा स्वस्त. आमचा प्लांट बंद केला. सगळ्यांना घरी घालवलं."

"आणि प्रितम?"

"मलाच ठेवलं नाय, त्याला कोण घेतंय?"

माझं डोकंच फिरलं. मेल्यांनो, शेत घेताना किती गोड बोललात! आणि रविवारी तर कमळाकर सुपारी फोडायला येणार होता. शेवटच्या दिवसाचा युनिफॉर्म ह्यांनी पिशवीत बांधून लपवला होता, न धुता. रविवारी सकाळी मी तो काढला आणि पुढच्या दारातल्या दोरीवर टाकला.

कमळाकर आला तो नाकाला रुमाल लावूनच. "काय वास हो, तुळशीरामभाव! कंपनी जोरात दिसते."

"मग! डबल पाळी चालू हाय," मी बोलले. जीभ जरा पण अडखळली नाय.

हे ओटीवर बसले होते. एकदम बोलले, "व्याही, तो वास जुना हाय. आमचा प्लांट बंद झाला. प्रितमला नोकरी नाय. तुमच्या पोरीला फसवून आणायची नाय मला."

कमळाकरनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. "बरं झालं सांगितलंत," बोलला, आणि सुपारी खिशात घालून निघून गेला.

मी तणतणत बाहेर आले. आज ह्यांना सोडायचंच नाय, पोराचं वाटोळं केलं! तर हे दोरीखाली उभे, त्या शर्टात तोंड खुपसून हुंदके देत होते. सगळा वास तोंडाला, हातांना लागला होता.

मी ह्यांचा हात धरला.

"घरात चला," मी बोलले. "आंघोळ राहू द्या."